डाव्या हातांची भिंत

त्या आठवड्यात नववी 'ब'ची उत्तरेकडची भिंत चौथ्यांदा वर्ग सोडून गेली.

खटावकर मॅडम फळ्याला पाठ करून उभ्या होत्या. त्रिकोणाच्या शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढायची ती कशासाठी, असं त्यांनी विचारलं होतं आणि त्रेपन्न मुलं वहीत तोंड खुपसून बसली होती. प्रश्न अवघड नव्हता, पण जेवणाच्या सुट्टीनंतरचा होता. मॅडम वाट बघत होत्या. तेवढ्यात छतातल्या रुळांमधून ओळखीचा सुस्कारा आला, करड्या रंगाची भिंत चुण्या पाडत गोळा झाली आणि मानपान उरकलेल्या पाहुण्यासारखी कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. दिवे पिवळे झाले. मंजुळ बासरी वाजली. बासरी म्हणजे सुट्टी.

पलीकडे सहावी 'अ'ला जंगम सर मराठी शिकवत होते. त्यांनी चष्म्यावरून बघितलं.

"या, या मॅडम. आज पण आलात? बसा. आमचं विशेषण चाललंय."

"मी आले नाही, सर. भिंत गेली."

"तेच ते. काल माझी गेली होती. एका पोराला साधं विचारलं, 'आंबट' हा शब्द काय सांगतो, ते पोरगं विचार करायला लागलं, आणि बघतो तर समोर पाचवी डबे खातीय."

हे बोलणं होईपर्यंत नववी 'ब'मधली मुलं नळावर पोचली होती. बासरी वाजली की उठायचं, एवढी शिस्त शाळेनं त्यांना लावलेलीच होती. त्यांना परत आणून बसवण्यात अठरा मिनिटं गेली. भिंत परत आली, पण तोवर तास संपला आणि बासरी पुन्हा वाजली. समांतर रेषा कशासाठी काढायची हे कुणालाच कळलं नाही. मॅडमनी घरचा अभ्यास दिला आणि फळा इतक्या जोरात पुसला की डस्टरचा लाकडी भाग कुरकुरला.

वैजयंती खटावकर एकोणतीस वर्षं गणित शिकवत होत्या, त्यातली अकरा वर्षं पर्यवेक्षिका म्हणून. त्यांच्या आयुष्यात नवरा, बदली आणि मोतीबिंदू हे सगळं येऊन गेलं होतं. त्यांच्या तासातून उठून गेली होती ती मात्र ही भिंतच पहिली.

सावर्डीच्या या शाळेची इमारत पंचाहत्तर वर्षांची. दोन हात जाड दगडी भिंती, एका ओळीत अकरा खोल्या, पुढं व्हरांडा. बांधणाऱ्यांच्या डोक्यात एकच कल्पना पक्की होती: एक माणूस बोलणार आणि साठ मुलं गप्प बसणार. कल्पना टिकाऊ होती, इमारतही टिकली. पंचाईत शिकवण्याच्या पद्धतींनी केली. आधी गटात बसा असं आलं, मग प्रकल्प करा असं आलं, मग धडा घरी बघून या आणि गृहपाठ वर्गात करा असंही आलं. दर तीन-चार वर्षांनी पद्धत बदलायची आणि बाक तिथंच राहायचे, कारण ते फरशीत रोवलेले होते.

आधुनिकीकरण शाळेला नवं नव्हतं. जिन्याखालच्या खोलीत त्याच्या सगळ्या पिढ्या नांदत होत्या. काचेवरचं भिंतीवर पाडणारा प्रोजेक्टर, रिमोट हरवलेला टीव्ही, अठ्ठावीस टॅब, आणि डोक्याला लावून ज्वालामुखीत शिरायचे चार चष्मे. हे चष्मे लावून एक मुलगी ज्वालामुखीतून पळताना खरोखरीच्या कपाटावर आदळली, तेव्हापासून त्यांच्यावर चादर होती.

मग 'लवचीक शाळा' योजना आली. तिच्यात दम होता, हे मॅडमही मान्य करायच्या. बाहेरच्या दगडी भिंतींना हात लावायचा नाही, आतल्या आडव्या भिंती काढायच्या, बाकांना चाकं लावायची आणि छतात रूळ बसवायचे. रुळांना लोंबकळणारे पडदे एका खास धाग्याचे. त्या धाग्यातून वीज सोडली की तो स्नायूसारखा आखडतो, वीज काढली की सैल पडतो. त्यामुळे ही भिंत सरकते, वळते, उभी-आडवी होते, आणि पाहिजे तिथं पाहिजे तेवढी खोली करून देते. पण कापडाच्या भिंतीतून आवाज जाणार. म्हणून धाग्यांमध्ये नखाएवढे हजारो स्पीकर विणलेले. पलीकडून येणाऱ्या आवाजाची जशी लाट, तिच्या बरोबर उलटी लाट ते तत्क्षणी सोडतात. चढाच्या जागी उतार, उताराच्या जागी चढ. दोन्ही लाटा एकमेकींना खातात आणि उरते शांतता. विमानात कानाला लावायच्या यंत्रात हे तत्त्व कधीचं वापरात होतं. इथं आख्खी भिंतच तशी होती.

खरी गंमत पुढं होती. ही भिंत कुणी बटण दाबून हलवायची नाही. तिनं स्वतः हलायचं. छतात बसवलेले सेन्सर मुलांचे चेहरे बघत नव्हते. कुठं कोण बसलंय, कुणाचा हात वर आहे, आवाज कुठून कुठं जातोय आणि किती वेळानं परत येतोय, एवढंच टिपत होते. चांगला वर्ग म्हणजे काय, हे परदेशातल्या तज्ज्ञानं ठरवायचं नाही, त्या-त्या शाळेकडूनच यंत्रणेनं शिकायचं, असा योजनेचा मोठा उदार विचार होता. त्यासाठी तीन आठवड्यांचा 'परिचय काळ' ठेवला होता. त्या काळात यंत्रणा फक्त बघणार, आणि मग जन्मभर त्याबरहुकूम वागणार.

सोबतच्या पत्रात एकच सूचना होती: 'या कालावधीत शिक्षकांनी नेहमीप्रमाणे अध्यापन करावे.'

मुख्याध्यापक शिरगुप्पे सरांनी ते पत्र शिक्षकांच्या बैठकीत मोठ्यानं वाचलं, घडी घातली आणि सगळ्यांकडे बघितलं.

"कुणीतरी तीन आठवडे आपल्याला बघणार आहे," ते म्हणाले. "तेव्हा नेहमीप्रमाणे म्हणजे कसं, ते मी वेगळं सांगायला नको."

नकोच होतं. शाळा बघायला कुणी आलं की शाळा काय करते, हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं होतं. पाठ बसवायचा. म्हणजे आदल्या आठवड्यातच शिकवून झालेला धडा घ्यायचा, प्रश्न ठरवायचे, उत्तरं ठरवायची, आणि साहेबांसमोर तोच धडा आयुष्यात पहिल्यांदाच शिकवतोय अशा चेहऱ्यानं शिकवायचा. प्रश्न विचारला की हात सगळ्यांनी वर करायचे. येतं त्यांनी उजवा, येत नाही त्यांनी डावा. बाईंनी उजव्याला विचारायचं. साहेबांना हातांचं रान दिसतं, आणि कुणाची फजिती होत नाही.

हात वर करायची ही पद्धत या शाळेत खटावकर मॅडमनीच पक्की केली होती. त्याआधी न येणारी मुलं हात खाली ठेवायची आणि ते फार वाईट दिसायचं.

तीन आठवडे शाळा झकपक शिकवत राहिली. यंत्रणेनं निमूटपणे पाहिलं, आणि दिवाळीनंतर ती कामाला लागली.

*

कंपनीची अभियंता ईशानी पेंडसे आली तेव्हा खटावकर मॅडमनी तक्रारी एका कागदावर लिहून ठेवल्या होत्या. पहिली तक्रार भिंतीच्या पळून जाण्याची होती. बाकीच्या सहाही त्याच होत्या, फक्त तारखा वेगळ्या.

ईशानी सव्वीस वर्षांची होती आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'मॅम' म्हणायची. ती नववी 'ब'च्या मोकळ्या खोलीत पहिल्या बाकावर मांडी घालून बसली आणि मांडीवरच्या पडद्यावर आकडे सरकवत राहिली.

"मॅम, सिस्टिममध्ये बिघाड नाहीये. ती बरोबर वागतेय. परिचय काळात तुमच्या शाळेत प्रश्न आणि उत्तर यांत सरासरी दोन सेकंदांचं अंतर होतं. मी एवढी फास्ट शाळा पाहिलेली नाही, मॅम."

"बरं."

"आणि सगळ्यात लांब शांतता अकरा सेकंदांची. म्हणजे अकराच्या पुढं शांतता गेली, की तिच्या मते तास संपलेला असतो. म्हणून ती सुट्टी देते."

"अकरा सेकंद कुणी ठरवले?"

"कुणी नाही. ते टिपलेत." तिनं आकडा दाबला. "नववी 'ब', गणित, दुसऱ्या आठवड्याचा मंगळवार. एका मुलानं उजवा हात वर केला, त्याला विचारलं, तो थांबला. अकराव्या सेकंदाला शिक्षकांनी स्वतःच उत्तर सांगितलं."

तो मंगळवार मॅडमना आठवला. पोरगं ऐन वेळी पाठ केलेलं विसरलं होतं आणि त्यांचा जीव अकरा सेकंदांत वर-खाली झाला होता.

"एक विचारू, मॅम?" ईशानी म्हणाली. "सावर्डीत डावखुरी मुलं इतकी कशी?"

"काय?"

"जगात दहा टक्के असतात. तुमच्या शाळेत एक्केचाळीस टक्के आहेत. आमच्याकडे यावर एक टीम बसलीय. पाण्यात काही असेल का, असं चाललंय. शोधनिबंध लिहिताहेत."

खटावकर मॅडमनी खुर्ची ओढली आणि बसल्या. मग त्यांनी त्या मुलीला उजव्या-डाव्या हाताची पद्धत समजावून सांगितली. एकोणतीस वर्षांत हे शाळेबाहेरच्या माणसाला त्या पहिल्यांदाच सांगत होत्या, आणि ऐकताना ते फार बरं वाटत नव्हतं.

ईशानीचा चेहरा आधी हसरा झाला, मग तिनं पडदा जवळ घेतला आणि हसू गेलं.

"मॅम, मग हे वेगळंच निघालं. ती डाव्या हातांचं काय करते, ते तुम्ही पाहिलंय का?"

"काय करते?"

"तिनं पाहिलं, की डावा हात वर केलेल्या मुलाशी शिक्षक कधी बोलत नाहीत. तो मुलगा कधी बोलत नाही. म्हणजे शिकवण्याच्या बोलण्यात तो नाहीच. मग त्याच्यापर्यंत आवाज पोचवायचा कशाला? त्याची कुजबुज पुढं येऊ द्यायची कशाला? तो भाग तिनं बाजूला काढलाय. बाकांना चाकं आहेत, त्यामुळे ही मुलं हळूहळू मागं सरकलीत. त्यांच्या पुढं छतातून आरपार दिसणाऱ्या कापडाची घडी उतरते आणि आवाज खाते. आमच्या भाषेत शांत पट्टा."

घडी मॅडमनी पाहिली होती. तिसऱ्या आणि चौथ्या रांगेच्या मधे रोज उतरायची. मागं आवाज कमी झाला म्हणून त्यांना उलट बरंच वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या तासाला त्यांनी ईशानीला फळ्यापाशी उभं केलं, काहीतरी बोलत राहायला सांगितलं आणि स्वतः घडीचं कापड उचलून मागं गेल्या. शेवटून दुसऱ्या बाकावर दुर्वा ढेकळे नावाची मुलगी होती. मॅडम तिच्या शेजारी बसल्या. समोर ईशानीचे ओठ हलत होते. आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा येत होता, शब्द लागत नव्हते.

"हे कधीपासून असं आहे?"

"दिवाळीपास्नं," दुर्वा म्हणाली.

"तीन महिने? आणि तोंड उघडून सांगायला काय झालं होतं?"

दुर्वानं शेजारणीकडं बघितलं. शेजारीण वहीवर फुलं काढत होती.

"आम्हाला वाटलं, तुम्हीच केलंय."

"मी? मी कशाला करीन?"

"आम्ही डाव्या हाताचं न्हवं का, मॅडम. आम्हाला ऐकू आलं काय, न्हाई आलं काय." मग मॅडमना वाईट वाटू नये म्हणून तिनं घाईनं जोडलं, "पण बरं असतंय हितं. कोण वरडत न्हाई."

मॅडमना राग आला होता. तो नेमका कुणावर काढावा हे मात्र कळेना, आणि असं त्यांच्या बाबतीत सहसा होत नसे.

*

"घोषणापत्र?" शिरगुप्पे सरांनी कागद हातभर लांब धरला. "कलम चार. 'परिचय काळातील अध्यापन वास्तविक नव्हते, हे मी मान्य करतो.' मान्य करतो! मॅडम, या शाळेनं पंचाहत्तर वर्षांत काहीही मान्य केलेलं नाही."

"सर, त्याशिवाय ती परत शिकत नाही. नवा परिचय काळ घ्यायचा तर हे भरावं लागतं."

"अहो, गुरुवारी मूल्यांकन आहे. गायधनी साहेब येताहेत. गुरुवार होऊ दे."

"गुरुवारी पास झालो तर जे आहे त्यावर मोहोर लागते, सर. सहा वर्षं बदलता येणार नाही. आणि तालुक्यातल्या बेचाळीस शाळांना आपलाच नमुना जाणार."

"मातृशाळा," शिरगुप्पे सर मान हलवून म्हणाले. हा शब्द त्यांना फार आवडायचा. "बेचाळीस शाळांची मातृशाळा."

"आई पोरांना ऐकू येऊ देत नाही, सर."

"तुम्ही गणिताच्या आहात, अलंकार वापरू नका." त्यांनी कागद टेबलावर ठेवला आणि आवाज उतरवला. "हे बघा मॅडम. मे महिन्यात मी निवृत्त होतोय. या खुर्चीवर कोण, ते संस्थेनं ठरवलंय. तुम्हालाही माहितीय. सही तेवढी राहिलीय. गुरुवारी नववी 'ब'चाच तास बघणार आहेत. बसवलेला पाठ आहे, पोरं तयार आहेत. एकदाच घ्यायचाय. चाळीस मिनिटं."

"आणि मागची बावीस पोरं?"

"ती काय आज मागं बसलीत का?" शिरगुप्पे सर खरोखरच वैतागले. "ती मागंच होती, मॅडम. तुम्ही शिकवत होता तेव्हाही मागंच होती. भिंतीनं फक्त भिंत घातली."

मॅडम तिथून उठल्या. उत्तर होतं, पण ते सरांच्या बाजूचं होतं.

*

गुरुवारी गायधनी साहेब बरोबर अकराला आले. हडकुळा माणूस, खिशाला दोन पेनं, हातात टॅब. ते वर्गाच्या उजव्या बाजूला खुर्चीवर बसले. शिरगुप्पे सर दारात उभे राहिले, लग्नात वधूपित्यानं राहावं तसे.

मॅडमनी सुरुवात ठरल्याप्रमाणे केली. त्रिकोण काढला, कोनांना नावं दिली, पोरांकडून संगत कोन आणि व्युत्क्रम कोन म्हणवून घेतले. उत्तरं दोन-दोन सेकंदांत येत होती. भिंत खूश होती. फळ्यावरचा दिवा तिनं स्वतःहून उजळ केला.

"छान," गायधनी साहेब टॅबमध्ये बघत म्हणाले.

"तर मग," मॅडमनी विचारलं, "या तीन कोनांची बेरीज एकशे ऐंशी का होते?"

त्रेपन्न हात वर गेले. एकतीस उजवे, बावीस डावे. तिसऱ्या रांगेच्या मागं छतातून घडी उतरू लागली, अलगद, कुणाच्या डोक्याला न लागता. साहेबांनी मान वर करून बघितलं आणि "वा" म्हणाले. पहिल्या बाकावर क्षितिजा आवटीचा उजवा हात खांद्यातून निखळेल इतका ताणला होता. उत्तर तिचं ठरलेलं होतं. तिचं नाव मॅडमच्या ओठावर आलेलं होतं.

"दुर्वा ढेकळे," मॅडम म्हणाल्या.

क्षितिजाचा हात तसाच राहिला. दुर्वाला ऐकूच गेलं नव्हतं. दारातून शिरगुप्पे सरांचा खोकला आला. मॅडम टेबलावरून निघाल्या, रांगांमधून गेल्या, घडीचं कापड उचललं आणि आत शिरल्या. कानात बोळे घातल्यासारखं झालं. दुर्वाच्या बाकावर कडेला बसून त्यांनी प्रश्न पुन्हा विचारला.

दुर्वा घाबरून आपल्या हाताकडं बघायला लागली.

"मॅडम, मी डावा केलाय."

"दिसतोय मला."

"मग?"

"मग काय? डाव्याला विचारायचं नाही असं कुठं लिहिलंय?"

"लिहिलं न्हाई. तुम्ही सांगितलंय."

हे साहेबांपर्यंत पोचलं नाही, हे शांत पट्ट्याचे उपकारच. मॅडम गप्प बसल्या. दुर्वाही गप्प. पलीकडे एकतीस मुलं गप्प, कारण नाटकात हा प्रवेश नव्हता. मॅडमनी मनात मोजलं. आठ, नऊ, दहा. अकराव्यानंतर उत्तरेची भिंत चुण्या पाडत निघाली, दिवे पिवळे झाले. बासरी वाजली असावी. मॅडमना आत ती ऐकू आली नाही, पण पुढची एकतीस मुलं उठून, रांगेत, शिस्तीत नळाकडं निघून गेली, क्षितिजा आवटी सर्वांत पुढं.

बावीस मुलं जागेवर होती. त्यांनाही बासरी गेली नव्हती. बावीसही डावे हात अजून वरच होते, कारण खाली घ्या असं कुणी सांगितलेलं नव्हतं.

गायधनी साहेब उभे राहिले. रिकाम्या बाकांकडं बघितलं, हातांकडं बघितलं, भिंत गेली तिथं चित्रासारखे उभे राहिलेले जंगम सर बघितले.

"ही मुलं का थांबलीत?" त्यांनी विचारलं. मुलांनी उत्तर दिलं नाही. "अरे, तुम्हाला विचारतोय मी!"

"त्यांना ऐकू येत नाही, साहेब," साहेबांचे हातवारे बघून घडीतून बाहेर येत मॅडम म्हणाल्या.

"कर्णबधिर आहेत? सगळी?"

"नाही. आम्ही केलीत."

मग त्यांनी सांगितलं. परिचय काळात बसवलेले पाठ घेतले, हे सांगितलं. उजवा-डावा सांगितला. भिंत चुकलेली नाही, आम्ही दाखवलं तेच शिकली, हे सांगितलं, आणि घोषणापत्र भरून दिलं तर घ्याल का असं विचारलं. बोलताना आवाज थरथरेल असं त्यांना वाटलं होतं. तो नेहमीसारखा, चिडलेलाच येत होता.

"साहेब, चहा," शिरगुप्पे सर दारातून म्हणाले.

गायधनी साहेबांनी हातानंच थांबवलं. ते टॅबवर बोट वर-खाली करत राहिले.

"माझी अडचण होते, मॅडम," ते शेवटी म्हणाले. "इथं रकाने तीन आहेत. उत्कृष्ट, समाधानकारक, यंत्रणा बिघाड. शिक्षक बिघाड असा रकाना नाही."

"मग?"

"तुमचं घोषणापत्र मी जोडतो. पण खूण बिघाडावर करावी लागेल. मोहोर लागणार नाही, नमुना कुठं जाणार नाही. पण बिघाड म्हटलं की वीज बंद होते. दुरुस्ती होईपर्यंत भिंती आहेत तशा राहतात."

"आहेत तशा म्हणजे?"

साहेबांनी खूण केली. कोपऱ्यात गोळा झालेली भिंत तिथंच सैल पडली आणि छतातली घडघड बंद पडली.

*

आहेत तशा म्हणजे नववी 'ब' आणि सहावी 'अ' यांच्या मधे काहीच नाही. ईशानीनं कळवलं की नव्या परिचय काळाचा नंबर जूनमध्ये लागेल. संस्थेकडून खटावकर मॅडमना कारणे दाखवा नोटीस आली. त्यांनी कारणे दीड पानात दाखवली. खुर्चीवरची सही झाली, ती कार्यानुभवाच्या पाटोळे सरांच्या नावावर. पाटोळे सरांनी पेढे वाटले तेव्हा मॅडमनी दोन घेतले.

मार्चमध्ये उकाडा वाढला. मॅडम चौकोन शिकवत होत्या, शेजारी जंगम सर वाक्प्रचार शिकवत होते, आणि दोन्ही वर्ग दोन्ही विषय शिकत होते. भिंतींची वीज गेल्यामुळे शांत पट्टा गेला होता. त्याबरोबर शांतताही गेली होती. मागच्या बाकांवरून आता कुजबुज यायची, खिदळणं यायचं, डब्याचा वास यायचा. हात वर करायची पद्धत मॅडमनी बंद केली होती. त्यामुळे कुणाला येतं आणि कुणाला नाही हे कळायचा मार्गच उरला नव्हता. विचारूनच बघायला लागायचं, आणि त्याला फार वेळ जायचा. पोर्शन दोन धडे मागं होता.

"चौकोनाच्या चार कोनांची बेरीज किती?" त्यांनी विचारलं. "दुर्वा."

दुर्वा उभी राहिली. छताकडं बघितलं, बोटांकडं बघितलं. जंगम सरांच्या वर्गानं 'तोंडात बोट घालणे'चा अर्थ एका सुरात सांगितला. मॅडमना घाम येत होता. वर्ग सोडून जाणारी भिंत आता नव्हती, बासरी नव्हती, कुणी मोजत नव्हतं. तरी अकराव्या सेकंदाला त्यांचं तोंड आपोआप उघडलं, आणि तीनशे साठमधला 'ती' बाहेर पडला.

"थांबा की मॅडम!" दुर्वा खेकसली. "यायलंय मला."

वर्ग चिडीचूप झाला. सहावी 'अ'सुद्धा. मॅडमशी या आवाजात आजवर कुणी बोललेलं नव्हतं. त्यांनी तोंड मिटलं. मग बराच वेळ गेला. पुढच्या बाकावर क्षितिजा आवटी उत्तर दाबून धरल्यामुळे लाल झाली होती.

"दोनशे चाळीस," दुर्वा म्हणाली.

कुणीतरी हसलं. मॅडमनी त्याच्याकडं बघितलं, तो थांबला.

"दोनशे चाळीस कसे?"

"त्रिकोणाला तीन कोन, एकशे ऐंशी. म्हंजे एकाला साठ आले. मग चाराला दोनशे चाळीस. बरोबर हाय का न्हाई?"

मॅडमनी तिच्याकडं बघितलं. एकोणतीस वर्षं त्या चौकोन शिकवत होत्या आणि हे उत्तर त्यांनी कधी ऐकलेलं नव्हतं. चूक होतं. साफ चूक होतं. पण ते पाठ केलेलं नव्हतं, शेजारणीचं नव्हतं, आणि त्याला हातपाय होते. असं चुकीचं उत्तर मागच्या बाकांवर किती वर्षं बसून असेल, कोण जाणे.

"फळ्याकडं ये," त्या म्हणाल्या. "चौकोन काढ. कोनमापक घे. मोजून दाखव मला दोनशे चाळीस."

दुर्वा ऐटीत पुढं आली आणि तिनं चौकोन काढला. एक बाजू भलतीच लांब, एक तिरपी, चौथी पहिलीला जाऊन भिडेचना. मॅडमचा हात डस्टरकडं गेला. त्यांनी तो परत घेतला, दोन्ही हात पाठीमागं एकात एक घट्ट धरले आणि उभ्या राहिल्या.